उत्तर बरोबर आले म्हणून थ्रेड बरोबर होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी परीक्षांचे प्रॅक्टिकल जवळ आले की नागपुरातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच्या जर्नलची धांदल सुरू होते. त्यात एक प्रयोग ठरलेला असतो: सी भाषेत थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या स्वतंत्र धारा, तयार करून दाखवा. बहुतेक जर्नलांत तो दोन पानांत उरकतो. दोन थ्रेड काढायचे, प्रत्येकाकडून एक ओळ छापून घ्यायची, प्रिंटआउट चिकटवायचा आणि सही घ्यायची. आमच्या मते इथवर प्रयोग अर्धासुद्धा झालेला नसतो. साधा प्रोग्राम ठरावीक इनपुटला एकदा बरोबर चालला, की त्या इनपुटला पुढेही तसाच चालेल असे धरता येते. थ्रेडच्या प्रोग्रामला ही सोय नाही. तेच मशीन, तीच फाइल, तोच इनपुट, आणि तरी दहा वेळा बरोबर आलेले उत्तर अकराव्या वेळी चुकते. म्हणून या प्रयोगापुरती तरी नुसते आउटपुट पाहून गुण देण्याची पद्धत बदलावी, अशी आमची मागणी आहे. काय बदलावे आणि कसे तपासावे हे नेमके सांगायचे तर पत्र लांबणारच. विद्यार्थ्यांना लॅबमध्ये समोर ठेवून वापरता यावे, म्हणून ते तपशिलासह लिहिले आहे. फंक्शनची नावे देवनागरीत दिली आहेत. कीबोर्डवर ती लहान रोमन अक्षरांत, मधल्या अंडरस्कोरसह टाइप करावीत. नल, ईअगेन आणि क्लॉक_मोनोटॉनिक मात्र पूर्ण मोठ्या अक्षरांत, आणि -वॉल व -ओ२ यांतले पहिले अक्षर मोठे.

आधी मशीन. काही ठिकाणी अजूनही डॉसबॉक्समधून टर्बो सी चालवले जाते. टर्बो सी हा डॉसचा कंपायलर आणि डॉसमध्ये थ्रेडची सोयच नाही, त्यामुळे थ्रेडची फंक्शन देणारी पीथ्रेड.एच ही हेडर फाइल तिथे शोधूनही सापडणार नाही. या प्रयोगाला लिनक्सच हवे. स्वतंत्र उबंटू नसेल तर विंडोजच्या आत लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल बसवून त्यात उबंटू घ्यावे आणि बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज टाकावे, म्हणजे जीसीसी हा कंपायलर आणि लागणाऱ्या हेडर फाइल्स एकदमच येतात. मग टर्मिनलमध्ये एनप्रॉक ही कमांड द्यावी. जो आकडा येईल तितके कोर प्रोग्रामला मिळू शकतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये काम करणाऱ्यांनी हे नक्की पाहावे, कारण तिथे सेटिंगमध्ये पुष्कळदा एकच कोर दिलेला असतो. एका कोरवर चार थ्रेड चालतात खरे, पण आळीपाळीने. वेळ वाचत नाही, आणि पुढे सांगितलेल्या चुकाही सहजी दिसत नाहीत, हे जास्त वाईट. निदान चार कोर द्यावेत.

कंपाइल करताना जीसीसीला -वॉल, -जी आणि -पीथ्रेड हे तीन पर्याय द्यावेत. पहिल्याने धोक्याच्या सूचना दिसतात, दुसऱ्याने चुकीची ओळ सापडते. तिसऱ्यावरून लॅबमध्ये दरवर्षी वाद होतो. घरच्या लॅपटॉपवर -पीथ्रेड न देता प्रोग्राम चालतो आणि लॅबच्या मशीनवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू पीथ्रेड_क्रिएट' अशी तक्रार येते. विद्यार्थ्याला वाटते लॅबचे मशीन बिघडले. कारण वेगळेच आहे. जीलिबसी या लिनक्सवरच्या मुख्य सी लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून, थ्रेडची वेगळी लायब्ररी तिच्यातच सामावून घेतली गेली. उबंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे, तिथे पर्याय विसरला तरी चालून जाते, उबंटू २०.०४ मध्ये २.३१ आहे, तिथे लिंकर अडतो. पर्याय दिलाच तर दोन्हीकडे चालते, म्हणून तो देण्याची सवय ठेवावी.

आता खुद्द प्रयोग. नुसत्या 'हॅलो'ऐवजी थ्रेडला खरे काम द्यावे, म्हणजे त्याची गरजही कळते. नागपूरकरांना उन्हाळ्याचे तापमान वेगळे शिकवावे लागत नाही, तेव्हा तेच घेऊ: तापमानाच्या १ कोटी नोंदी, प्रत्येक नोंद अंशाच्या दहाव्या भागात, म्हणजे ४५.६ अंश असेल तर ४५६. चार थ्रेडनी मिळून सरासरी काढायची. नोंदी रँड फंक्शनने तयार केल्या तरी चालतील. इथेच दोन खड्डे आहेत आणि दोन्हींचा थ्रेडशी संबंध नाही. पण दोष मात्र थ्रेडला दिला जातो. एक, १ कोटी इंटचा ॲरे मेनच्या आत साधा जाहीर केला तर तो ४० एमबी होतो. लिनक्सवर स्टॅकची, म्हणजे लोकल व्हेरिएबल जिथे राहतात त्या जागेची, नेहमीची मर्यादा ८ एमबी आहे, त्यामुळे पहिला थ्रेड निघायच्या आधीच सेगमेंटेशन फॉल्ट येतो. ॲरे मॅलॉकने घ्यावा किंवा फंक्शनच्या बाहेर ठेवावा. दुसरे, बेरीज इंटमध्ये ठेवली तर ती मावत नाही. १ कोटी गुणिले ४५६ म्हणजे ४५६ कोटी, आणि ३२ बिटांच्या इंटची कमाल मर्यादा २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास. बेरजेला लाँग लाँगच हवा.

थ्रेड तयार करणाऱ्या पीथ्रेड_क्रिएट या फंक्शनला चार गोष्टी द्याव्या लागतात. पहिली, पीथ्रेड_टी प्रकारच्या व्हेरिएबलचा पत्ता, ज्यात नव्या थ्रेडची ओळख लिहिली जाते. दुसरी ॲट्रिब्यूट, खास काही नको असेल तर नल. तिसरी, थ्रेडने जे फंक्शन चालवायचे त्याचे नाव. हे फंक्शन एक व्हॉइड पॉइंटर घेणारे आणि व्हॉइड पॉइंटरच परत देणारे असावे लागते. चौथी, त्या फंक्शनला द्यायचा पॉइंटर. यश आले तर शून्य परत येते. अपयश आले तर एररचा क्रमांक थेट परत येतो, एररनो या ठरलेल्या व्हेरिएबलमध्ये तो भरला जात नाही. त्यामुळे पुढे एररनो वाचणारे पीएरर वापरून छापलेला निरोप बहुधा भलताच असतो. कधी तर 'सक्सेस' असेही छापून येते. परत आलेला क्रमांक एका इंटमध्ये घ्यावा आणि स्ट्रएररला देऊन छापावा. थ्रेडसाठी मेमरी किंवा ठरवून दिलेली संख्या संपली की इथे ईअगेन हा एरर येतो. परत आलेला क्रमांक तपासलेलाच नसेल तर न जन्मलेल्या थ्रेडची वाट पाहणारा प्रोग्राम तयार होतो.

सगळ्यात जास्त जर्नलांत दिसणारी चूक या चौथ्या पॉइंटरची आहे. ती जरा जवळून पाहू. लूपमध्ये आय शून्यापासून तीनपर्यंत फिरतो आणि प्रत्येक थ्रेडला आयचाच पत्ता दिला जातो. विद्यार्थ्याची अपेक्षा अशी की चार थ्रेडना ०, १, २, ३ मिळतील. प्रत्यक्षात कधी १, ३, ३, ४ येतात, कधी २, २, ४, ४, कधी चारही वेळा ४. चौघांना एकच पाटी दाखवावी आणि ते वाचायच्या आत पुसून तिच्यावर पुढचा आकडा लिहावा, तसा हा प्रकार. पत्ता एकच, आणि थ्रेड तो वाचेपर्यंत मेनचा लूप पुढे निघून गेलेला. आकडा ४ आला तर प्रकरण आणखी गंभीर: चारच घरांच्या ॲरेत पाचव्या घरात लिहिले जाते आणि प्रोग्राम दुसरीकडेच कुठेतरी कोसळतो. यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे लूपमध्ये स्लीप टाकणे. एक सेकंद थांबल्यावर आकडे सरळ येतात, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षकही, समाधान पावतात. पण मधल्या सेकंदात आधीचा थ्रेड आपले काम आटोपून मोकळा झालेला असतो. म्हणजे एका वेळी एकच थ्रेड चालला आणि मूळ हेतू बुडाला. शिवाय मशीनवर भार असेल तर एक सेकंदही पुरेलच असे नाही.

बरोबर रीत अशी. एक स्ट्रक्ट करावे. त्यात थ्रेडचा क्रमांक, त्याने कुठून कुठवर नोंदी वाचायच्या ते दोन आकडे आणि बेरीज ठेवायला एक लाँग लाँग. अशा चार स्ट्रक्टचा ॲरे घ्यावा आणि प्रत्येक थ्रेडला त्याच्या स्वतःच्या घराचा पत्ता द्यावा. चार पत्ते वेगळे, तेव्हा गोंधळाला जागाच नाही. हा ॲरे सगळे थ्रेड संपेपर्यंत जिवंत राहिला पाहिजे. दुसऱ्याच फंक्शनमध्ये तो जाहीर करून, थ्रेड काढून तिथून रिटर्न केले तर थ्रेड मोडलेल्या स्टॅकवर वाचत बसतात. नोंदींची वाटणी करतानाही एक बारकावा आहे. १ कोटीचे चार भाग सरळ होतात, प्रत्येकी २५ लाख. पण तीन थ्रेड घेतले तर भागाकार ३३,३३,३३३ येतो आणि शेवटची एक नोंद कोणाच्याच वाट्याला येत नाही. सुरुवात आय गुणिले एकूण भागिले थ्रेड, शेवट कंसात आय अधिक एक, त्याला गुणिले एकूण भागिले थ्रेड, आणि शेवटचा आकडा सोडून त्याआधी थांबायचे, असे सूत्र ठेवले की कितीही थ्रेड असले तरी एकही नोंद सुटत नाही की दोनदा मोजली जात नाही.

मेनने रिटर्न केले की पूर्ण प्रोसेस संपते आणि उरलेले थ्रेड जिथे असतील तिथे मारले जातात. 'सर, आउटपुटच येत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. प्रत्येक थ्रेडसाठी पीथ्रेड_जॉइन हवे, आणि ते वेगळ्या लूपमध्ये हवे. क्रिएट आणि जॉइन एकाच लूपमध्ये एकाखाली एक लिहिले की पहिला संपल्याशिवाय दुसरा जन्मतच नाही. उत्तर बरोबर येते, वेळ मात्र एका थ्रेडइतकाच लागतो, आणि आउटपुट पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. ज्याची वाट पाहायची नाही असा थ्रेड पीथ्रेड_डिटॅच करून मोकळा सोडावा. जॉइनही नाही आणि डिटॅचही नाही अशा थ्रेडचा स्टॅक तो संपल्यावरही अडकून राहतो. दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरमध्ये असे थ्रेड साचत गेले की एके दिवशी क्रिएट ईअगेन देऊ लागते. थ्रेडच्या फंक्शनमधून लोकल व्हेरिएबलचा पत्ता परत देऊ नये हे सांगायला नको, तरी जर्नलांत ते दिसते. बेरीज स्ट्रक्टमध्येच लिहावी आणि नल परत द्यावे.

आता सामाईक व्हेरिएबल. इथे घाई करून चालणार नाही, कारण सगळ्या चुका इथेच लपतात. समजा, काउंट हे ग्लोबल व्हेरिएबल आहे आणि दोन थ्रेड प्रत्येकी १० लाख वेळा ते एकाने वाढवतात. उत्तर २० लाख यायला हवे. दोन कोर असलेल्या मशीनवर ऑप्टिमायझेशन न करता चालवा. बहुधा ते कमीच येईल आणि दर वेळी वेगळे येईल. सीमध्ये एका ओळीत दिसणारी ही वाढ प्रोसेसरपाशी तीन कामे होते: मेमरीतून किंमत उचलणे, एक मिळवणे, परत लिहिणे. काउंट ५०० असताना दोन्ही थ्रेडनी ५०० उचलले तर दोघेही ५०१ लिहितात. कामे दोन झाली, वाढ एकच. हे किती खाली जाऊ शकते हा व्हायवाचा उत्तम प्रश्न आहे. उत्तर आहे २. पहिला थ्रेड शून्य उचलून थांबतो. दुसरा शेवटची एक फेरी ठेवून बाकी सगळ्या करून टाकतो. पहिला जागा होऊन १ लिहितो. दुसरा आपल्या शेवटच्या फेरीसाठी ते १ उचलून थांबतो. पहिला आपल्या उरलेल्या सगळ्या फेऱ्या संपवतो, आणि मग दुसरा उचललेल्या १ मध्ये एक मिळवून २ लिहितो. प्रत्यक्षात असे घडणे जवळजवळ अशक्य, पण ही साखळी जो विद्यार्थी कागदावर मांडू शकतो त्याला विषय कळला असे खुशाल समजावे.

याच प्रोग्रामला -ओ२ हा ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे कोड वेगवान करण्याचा, पर्याय देऊन कंपाइल करा, आणि उत्तर बहुतेक वेळा चोख २० लाख येऊ लागते. विद्यार्थी म्हणतो, ऑप्टिमायझेशनने चूक दुरुस्त झाली. झाली नाही. कंपायलरने १० लाख फेऱ्यांचा लूप काढून टाकून एकदम '१० लाख मिळवा' अशी एकच सूचना ठेवली, त्यामुळे दोन थ्रेडची गाठ पडायची संधी नगण्य झाली. चूक जिथे होती तिथेच आहे. सीच्या २०११ च्या मानकानुसार अशा प्रोग्रामचे वर्तन अनिर्धारितच आहे, मग छापलेला आकडा काहीही असो. नुसत्या आउटपुटवर गुण देऊ नयेत हे आम्ही म्हणतो ते यासाठीच: इथे चुकीचा प्रोग्राम पूर्ण गुण घेऊन जातो. काही नोट्समध्ये यावर व्होलटाइल लिहिण्याचा सल्ला असतो. तो चुकीचा आहे. व्होलटाइलने कंपायलर दर वेळी मेमरीत जातो इतकेच. उचलणे, मिळवणे, लिहिणे ही तीन कामे वेगळीच राहतात.

दुरुस्त्या तीन आहेत. म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप: वाढवण्याआधी पीथ्रेड_म्यूटेक्स_लॉक, नंतर अनलॉक. उत्तर नेहमी बरोबर येईल, पण २० लाख वेळा कुलूप उघडझाक केल्याने दोन थ्रेडचा प्रोग्राम एका थ्रेडपेक्षाही हळू पडू शकतो. ॲटॉमिक: एसटीडीॲटॉमिक.एच घेऊन ॲटॉमिक_फेच_ॲड वापरणे. एका आकड्यासाठी हे सुटसुटीत, पण दोन आकडे एकत्र बदलायचे असतील तर पुरत नाही. तिसरी आणि या प्रयोगासाठी आमच्या मते सर्वांत चांगली: सामाईक काही ठेवूच नका. प्रत्येक थ्रेडने आपली बेरीज स्वतःच्या लोकल व्हेरिएबलमध्ये करावी, शेवटी एकदाच आपल्या स्ट्रक्टमध्ये लिहावी, आणि जॉइन झाल्यावर मेनने चार बेरजा मिळवाव्यात. कुलूप नाही, वाट पाहणे नाही. स्ट्रक्टमध्येच दर फेरीला मिळवत राहिले तर उत्तर बरोबर येईल, पण वेग पडू शकतो. प्रोसेसर मेमरी एकेका बाइटने हलवत नाही, नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर ६४ बाइटच्या तुकड्याने हलवतो. शेजारशेजारचे दोन स्ट्रक्ट एकाच तुकड्यात आले की दोन कोर तो तुकडा एकमेकांकडून ओढत बसतात. लोकल व्हेरिएबलने तेही टळते.

वेळ मोजताना क्लॉक हे फंक्शन वापरू नये. लिनक्सवर ते सगळ्या थ्रेडनी मिळून वापरलेला प्रोसेसरचा वेळ सांगते. चार थ्रेडनी एकाच वेळी एकेक सेकंद काम केले तर घड्याळात एक सेकंद जातो, आणि क्लॉक चार सेकंद दाखवते. 'थ्रेडने काही फायदा होत नाही' असा निष्कर्ष जर्नलांत लिहिलेला सापडतो, त्यातले बरेचसे याच चुकीमुळे. क्लॉक_गेटटाइमला क्लॉक_मोनोटॉनिक देऊन आधीची आणि नंतरची वेळ घ्यावी, किंवा प्रोग्रामपुढे टाइम ही कमांड लावून 'रिअल'चा आकडा वाचावा. नोंदी तयार करण्याचा वेळ यात धरू नये. चार कोरवर चौपट वेगाची अपेक्षाही नको. कामाचा दहावा भाग एकट्याने करायचा असेल तर ॲमडालच्या नियमाने चार कोरवर कमाल सुमारे ३.१ पट वेग मिळतो, आणि कोर कितीही वाढवले तरी १० पटीच्या पलीकडे जात नाही. चार कोरवर चारशे थ्रेड काढून या हिशोबात काडीचाही फरक पडत नाही.

दोन म्यूटेक्स आले की डेडलॉक आला. एक थ्रेड आधी 'अ' मग 'ब' घेतो, दुसरा आधी 'ब' मग 'अ', आणि दोघे जन्मभर एकमेकांची वाट पाहतात. सगळीकडे कुलपांचा क्रम एकच ठेवणे हा उपाय. एररच्या वाटेने मध्येच रिटर्न केले आणि अनलॉक राहिले, हेही तितकेच सर्रास घडते. अडकलेल्या प्रोग्रामला जीडीबी हा डीबगर जोडून 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' दिले की प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर थांबला ते लगेच दिसते. एक थ्रेड माल तयार करतो आणि दुसरा उचलतो अशा उत्पादक-ग्राहकाच्या पुढच्या प्रयोगात, थ्रेडला वाट पाहत झोपवणारे कंडिशन व्हेरिएबल येते. तिथे पीथ्रेड_कंड_वेट इफमध्ये लिहू नये, व्हाइलमध्येच लिहावे, कारण कोणी न उठवताही थ्रेड जागा होऊ शकतो आणि उठेपर्यंत दुसऱ्याने माल नेलेलाही असू शकतो. स्ट्रटोक आणि लोकलटाइम ही फंक्शन आतल्या आत एकच सामाईक जागा वापरतात. थ्रेडमध्ये त्यांची शेवटी अंडरस्कोर आर असलेली रूपे घ्यावीत.

काही जण विचारतात की २०११ च्या मानकात थ्रेड्स.एच आले असताना पीथ्रेड कशाला. जीलिबसीमध्ये ते २०१८ सालच्या २.२८ आवृत्तीपासून आहे, पण मानकानेच ते ऐच्छिक ठेवले आहे आणि सगळ्या कंपायलरवर मिळेल याची खात्री नाही. पीथ्रेडचे मानक १९९५ चे. पुस्तके, साधने आणि प्रत्यक्षातला कोड त्यावरच उभा आहे. आधी तेच पक्के करावे.

आता तपासणीचे साधन, ज्यासाठी हे सगळे लिहिले. चालत्या प्रोग्राममधल्या थ्रेडच्या चुका पकडणारा थ्रेड सॅनिटायझर जीसीसीत आवृत्ती ४.८ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. कंपाइल करताना -जीसोबत -एफसॅनिटाइझ=थ्रेड द्यायचे आणि प्रोग्राम नेहमीसारखा चालवायचा. दोन थ्रेडनी कुलुपाशिवाय एकाच जागेला हात लावला आणि त्यातला एक जरी लिहीत असेल, तर 'डेटा रेस' अशी सूचना येते. दोन्ही थ्रेड कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर होते तेही छापले जाते. आकडा योगायोगाने बरोबर आला तरी सूचना येते, ही यातली मोलाची गोष्ट. वर सांगितलेली -ओ२ ची लपलेली चूकही इथे उघडी पडते. प्रोग्राम ५ ते १५ पट हळू चालतो, म्हणून नोंदी १ कोटीऐवजी १ लाख ठेवाव्यात. रेस सापडली असेल तर प्रोग्राम ६६ हा एक्झिट कोड देऊन संपतो. त्यामुळे तीस विद्यार्थ्यांचे प्रोग्राम एका छोट्या शेल स्क्रिप्टने तपासता येतात. मर्यादा एक लक्षात ठेवावी: कोडचा जो भाग त्या वेळी चाललाच नाही, त्यातली चूक त्याला दिसत नाही. म्हणून थ्रेडची संख्या १, २, ३, ४ आणि ८ अशी बदलून चालवावे.

काही उबंटूंवर सॅनिटायझर सुरू होताच 'अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग' म्हणून बंद पडतो. प्रोग्रामचा त्यात दोष नसतो. कर्नलमधली व्हीएम.एमएमॅप_आरएनडी_बिट्स ही किंमत ३२ असते, ती सिसकंट्रोल कमांडने २८ केली की तो चालू लागतो. सॅनिटायझर जमतच नसेल तर व्हॅलग्राइंडमधले हेलग्राइंड आहे. त्यासाठी प्रोग्राम साधा, सॅनिटायझरचा पर्याय न देता कंपाइल करावा. ते आणखी हळू चालते, पण कुलपांचा उलटा क्रमही दाखवते.

एका पदवी प्रॅक्टिकलसाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. थेराक-२५ या किरणोपचार यंत्रात सॉफ्टवेअरच्या चुकांमुळे, ज्यांत अशीच एक रेस होती, १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना कित्येक पटींनी जास्त किरण बसले आणि त्यांतले काही दगावले. ऑपरेटर पडद्यावरची माहिती झपाट्याने दुरुस्त करी तेव्हाच ती रेस उमटे, त्यामुळे ती सापडायला फार वेळ गेला. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारिओ अंधारात गेला, सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली; ओहायोतल्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा रेसमुळे गुपचूप थांबलेली होती. या दोन्ही प्रोग्रामनी त्याआधी असंख्य वेळा बरोबर काम केले होते. गायत्रीनगरचा आयटी पार्क असो की मिहान, आपली मुले उद्या जिथे काम करतील तिथे त्यांच्या कोडवर कोणाचे तरी बिल, कोणाचे तरी औषध अवलंबून राहणार आहे.

तेव्हा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला, महाविद्यालयांना आणि एक्स्टर्नल म्हणून जाणाऱ्या सहकाऱ्यांना आमची विनंती आहे. या प्रयोगाच्या जर्नलमध्ये दोन प्रिंटआउट मागावेत: कुलूप नसताना सॅनिटायझरने दिलेली सूचना आणि दुरुस्तीनंतरचे स्वच्छ आउटपुट. वेळेचा तक्ता १, २, ४ आणि ८ थ्रेडचा असावा, आणि प्रत्येक आकडा पाच वेळा चालवून त्यातला मधला घेतलेला असावा. व्हायवात व्याख्या विचारण्यापेक्षा विद्यार्थ्याच्याच प्रोग्राममधली जॉइनची ओळ काढायला सांगून 'आता काय होईल' असे चालवण्याआधी विचारावे. 'काहीही छापले जाईल किंवा काहीच नाही, सांगता येत नाही' हे उत्तर कारणासह दिले तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. एकूण गुणांतले निम्मे तरी सॅनिटायझर स्वच्छ चालण्याला असावेत. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅब असिस्टंटने प्रत्येक मशीनवर सॅनिटायझर एकदा चालवून पाहावा. सिसकंट्रोलने केलेला बदल मशीन बंद-चालू केल्यावर पुसला जातो. तो टिकवायचा असेल तर ईटीसीमधल्या सिसकंट्रोल.डी फोल्डरमध्ये कॉन्फने संपणारी फाइल करून तिच्यात हीच किंमत लिहून ठेवावी, नाहीतर सकाळी पहिल्या बॅचचे अर्धे मशीन अडतील.

आपले,
सी आणि लिनक्स शिकवणारे व वापरणारे काही नागपूरकर